सुरू, सरल आणि चीड : वृक्षाचे वय आणि ऊतकसंवर्धनाचा इतिहास

१

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील नागाव हे गाव नारळ-पोफळीच्या वाड्या आणि समुद्रकाठची सुरूची बने यांसाठी परिचित आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकास हा परिसर शेजारच्या आक्षी येथील प्राचीन मराठी शिलालेखामुळे ठाऊक असतो; परंतु गावाचा रोजचा संसार वाडीवर चालतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगडच्या किनारपट्टीवरील माड व पोफळी मोडल्या, सुरूची झाडे उन्मळली. वाडी नव्याने उभी करावयाची म्हणजे पोफळ धरण्यास पाच-सात वर्षे आणि माडास त्याहूनही अधिक काळ थांबावयाचे. म्हणून आज लावावयाचे रोप कोणत्या झाडाचे, या प्रश्नाचे उत्तर पुढील पिढीच्या उत्पन्नाशी बांधलेले असते.

एका उत्तम झाडापासून हुबेहूब त्याच्यासारखी लक्षावधी रोपे मिळावीत, हे अशा वेळी कोणासही आकर्षक वाटणारे आश्वासन होय. ऊतकसंवर्धनाच्या शास्त्राने ते आश्वासन दिलेले आहे. केळीच्या बाबतीत ते पुरेही झाले. जळगाव जिल्ह्यातील केळीची शेती आज फार मोठ्या प्रमाणावर प्रयोगशाळेतून आलेल्या रोपांवर उभी आहे. परंतु केळ हा वृक्ष नव्हे. वृक्षाच्या बाबतीत या आश्वासनाचे काय झाले, हे पाहावयाचे तर पाइन वृक्षांचा इतिहास पाहावा लागतो. कारण दीर्घायुषी वृक्षाची प्रयोगशाळेत वाढ करताना येणारी मुख्य अडचण या वृक्षांत सर्वांत स्पष्टपणे दिसते, आणि तिच्यावर तोडगा काढण्याच्या प्रयत्नांत पुण्याच्या एका प्रयोगशाळेचा महत्त्वाचा वाटा आहे.

तत्पूर्वी नावांचा एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. नागावचा सुरू इंग्रजीत ‘ऑस्ट्रेलियन पाइन’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या सुयांसारख्या भासणाऱ्या बारीक काड्या आणि शंकूसारखी फळे पाहून हे नाव पडले. वस्तुतः सुरू हा पाइन नव्हे, किंबहुना पाइनच्या दूरच्या नात्यातलाही नव्हे. तो फुले येणारा, आवृतबीज वर्गातील वृक्ष आहे. त्याच्या सुया म्हणजे सांधेदार कोवळ्या फांद्या असून खरी पाने त्या सांध्यांवर खवल्यांएवढी उरलेली असतात. शास्त्रीय नावातील ‘कॅज्युअरिना’ हा शब्द कॅसोवरी पक्ष्याच्या पिसांवरून आला. मराठी ‘सुरू’ हा शब्द फारसीतील ‘सर्व’ या शब्दापासून आलेला असून फारसीत तो सरू म्हणजे सायप्रस वृक्षाचा वाचक आहे. (आरंभवाचक ‘सुरू’ हा निराळा शब्द, तो अरबी ‘शुरूअ’वरून आला.) अशा रीतीने एका ऑस्ट्रेलियाकडील वृक्षास मराठीत सायप्रसचे आणि इंग्रजीत पाइनचे नाव मिळाले आहे.

खऱ्या पाइनला संस्कृतात ‘सरल’ असे नाव आहे. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हिमालयाचे वर्णन करताना या वृक्षाचा आणि त्याच्या सुगंधी चिकाचा उल्लेख केला आहे. त्यालाच हिंदीत ‘चीड’ म्हणतात. मराठीत ‘चीड’ या शब्दाचा अर्थ संताप असा रूढ असल्यामुळे हे वृक्षनाम आपल्याकडे ग्रंथांपलीकडे फारसे गेले नाही. हा वृक्ष सह्याद्रीत स्वाभाविकपणे आढळत नाही. तो हिमालयाच्या खालच्या व मधल्या उतारांवरचा. नावांची ही चर्चा केवळ शब्दकुतूहलाची नाही. सुरूच्या कोवळ्या फांद्यांना थोड्या उपचाराने मुळे फुटतात आणि त्याचे बीही विपुल असते; त्याच्यासाठी प्रयोगशाळेचा खटाटोप आवश्यक नाही. पाइनची अडचण त्याच्या वाट्याला येत नाही. ती अडचण कोणती, हे आता पाहू.

२

कोकणात हापूस आंब्याचे कलम बांधणे ही जुनी विद्या आहे. कोय कलमात नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपावर फळणाऱ्या झाडाची काडी बसवितात. कोयीपासून वाढविलेले झाड अनेक वर्षांनी फळ देते. कलम त्याच्या निम्म्या काळात मोहरते. याचे कारण असे की, काडी जरी नव्या रोपावर बसविली तरी तिचे वय ती विसरत नाही. ती प्रौढ झाडाची काडी असते आणि प्रौढ झाडासारखीच वागते. आंब्याच्या बागायतदारास हे वय हवेच असते.

सरळ सोट लाकडासाठी वाढवावयाच्या वृक्षात हाच गुण दोष ठरतो. बंगल्यांच्या आवारात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून लावतात तो नॉरफोक बेटावरचा वृक्ष याचे परिचित उदाहरण आहे. त्याच्या शेंड्याची काडी लावली तर सरळ झाड होते. आडव्या फांदीची काडी लावली तर तिला मुळे फुटूनही ती जन्मभर आडवीच वाढते. ती झाड होत नाही, मुळे असलेली फांदी राहते. पाइनच्या प्रौढ फांदीस तर मुळेच क्वचित फुटतात. फुटली तरी रोपाची वाढ मंद व वाकडी होते. ज्या वृक्षाचे संस्कृत नावच ‘सरल’, त्याची प्रत सरळ न वाढली तर तिचा उपयोग काय?

यातून एक पेच निर्माण होतो. वृक्ष उत्तम आहे की नाही, हे तो वीस-तीस वर्षांचा झाल्यावाचून कळत नाही. आणि तो तेवढा झाला की त्याचे ऊतक नव्याने आरंभ करण्यास नाखूष असते. उलट बीजातील भ्रूण आरंभास सदैव सिद्ध असतो. पण तो पुढे कसा निघेल, हे कोणास सांगता येत नाही. ज्याचे गुण ठाऊक आहेत ते उगवत नाही आणि जे उगवते त्याचे गुण ठाऊक नाहीत. वृक्षांच्या ऊतकसंवर्धनाचा सारा इतिहास या पेचाभोवती फिरतो.

३

वनस्पतीची सुटी पेशी पोषक द्रवात जिवंत ठेवता येईल आणि तिच्यापासून पूर्ण वनस्पती मिळू शकेल, ही कल्पना ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ साली मांडली. त्यांच्या पेशी जगल्या, परंतु विभागल्या नाहीत. वृक्षाच्या ऊतकास प्रथम यश आले ते फ्रान्समध्ये. रॉजे गोत्रे यांनी १९३४ साली काही वृक्षांच्या सालीखालील वाढत्या थराचे तुकडे काचपात्रात घेऊन काही महिने वाढविले. १९३९ साली गोत्रे, नोबेकूर आणि अमेरिकेतील व्हाइट यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, ऊतकाची वाढ अखंड चालू ठेवता येते हे सिद्ध केले. येथवर वाढत होता तो केवळ पेशींचा आकारहीन पुंजका, ज्याला ‘किण’ म्हणतात. त्यातून कोंब निघणे ही पुढची पायरी होती.

शंकुधारी वृक्षांत ही पायरी १९५० साली ओलांडली गेली. अर्नेस्ट बॉल यांनी कॅलिफोर्नियाच्या रेडवुड वृक्षाच्या किणामध्ये कोंब उत्पन्न झालेले पाहिले. कोंब केव्हा येतो आणि मूळ केव्हा, याचा नियम फोल्के स्कूग व कार्लोस मिलर यांनी १९५७ साली तंबाखूच्या ऊतकावरून सांगितला: ऑक्झिन व सायटोकायनिन या दोन संप्रेरकांचे परस्पर प्रमाण वरखाली केले की ऊतक मुळांकडे किंवा कोंबांकडे वळते. १९६२ साली मुराशिगे व स्कूग यांनी प्रसिद्ध केलेले पोषक माध्यम आजही जगभर वापरले जाते. त्याच सुमारास भारतात दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांच्या विभागाने या शास्त्रास मोठी चालना दिली. १९६४ साली त्याच विभागात शिप्रा गुहा व सतीश माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशापासून भ्रूण मिळविले.

पाइनने मात्र बरीच वाट पाहावयास लावली. १९७५ साली अमेरिकेत सॉमर, ब्राउन व कॉर्मनिक यांनी लाँगलीफ पाइनची पूर्ण रोपे काचपात्रात तयार केली. त्यानंतर दोन वर्षांनी न्यूझीलंडमध्ये रेडिआटा पाइनच्या बाबतीत तसेच यश आले. परंतु दोन्ही ठिकाणी आरंभीचे ऊतक बीजातील भ्रूणाचे होते. रोपे मिळाली ती अपरीक्षित अपत्यांची. पेच सुटला नव्हता. त्याची एक बाजू तेवढी साध्य झाली होती.

४

पुण्याजवळ पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. रसायनशास्त्रासाठी उभारलेल्या या संस्थेत वृक्षांवर संशोधन व्हावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. तथापि तेथील जीवरसायन विभागात व्ही. जगन्नाथन आणि ए. एफ. मस्करेन्हास यांच्या मार्गदर्शनाखाली ऊतकसंवर्धनाचे काम रुजले, आणि त्या गटाने पेचाच्या दुसऱ्या, अधिक कठीण बाजूस हात घातला.

१९८० साली पी. के. गुप्ता, ए. एल. नाडगीर, मस्करेन्हास व जगन्नाथन यांनी सागाच्या वृद्धीविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी कोवळ्या रोपांबरोबरच सुमारे शंभर वर्षे वयाच्या सागवृक्षांचे डोळे घेऊन त्यांपासून रोपे मिळविली होती. ज्या झाडाची परीक्षा काळाने आधीच घेतलेली आहे, त्याच झाडाची प्रत करावयाची, हा त्यामागील विचार होता. पुढील वर्षी याच गटाने निलगिरीच्या एका जातीवरील काम प्रसिद्ध केले. वृद्ध ऊतकास पुन्हा तरुण करण्यासाठी एकच डोळा नव्या नव्या माध्यमावर वारंवार हलविणे हा येथील एक मुख्य उपाय होता. प्रत्येक हलविण्याबरोबर कोंब अधिक जोमाने फुटतात आणि मुळे धरण्याची शक्ती काही प्रमाणात परत येते, असा अनुभव अनेक प्रयोगशाळांतून आला आहे.

ऊतकाचे वय ही किती चमत्कारिक गोष्ट आहे, याचा उलट पुरावाही याच प्रयोगशाळेने दिला. कळकाचे बेट अनेक दशकांनी एकदाच फुलते आणि मरते. १९९० साली ‘नेचर’ या नियतकालिकात रजनी नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि मस्करेन्हास यांनी कळकाची काचनळीतील रोपे काही महिन्यांतच फुलल्याचे व त्यांना बी धरल्याचे नोंदविले. ज्या घड्याळास अनेक दशके लागतात ते योग्य माध्यमात काही महिन्यांत पुढे नेता येते, असा त्याचा अर्थ होतो. पाइनच्या बाबतीत तेच घड्याळ मागे फिरवावयाचे होते, आणि ते अधिक कठीण ठरले.

५

पाइनच्या इतिहासाला वळण मिळाले ते १९८५ ते १९८७ या तीन वर्षांत. १९८५ साली स्वीडनमध्ये हाकमान व फॉन आर्नोल्ड यांनी, तसेच चेकोस्लोव्हाकियात खालूपा यांनी, स्प्रूस वृक्षाच्या अपक्व बीजभ्रूणापासून शेकडो कायिक भ्रूण मिळविले. त्याच सुमारास पुण्याच्या सागविषयक निबंधाचे प्रथम लेखक प्रमोद गुप्ता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत डॉन डर्झन यांच्यासह काम करीत होते. १९८५ साली त्यांनी प्रौढ डग्लस फर आणि शुगर पाइन वृक्षांपासून कोंब वाढविले. १९८६ साली शुगर पाइनचे आणि १९८७ साली लॉब्लॉली पाइनचे कायिक भ्रूण मिळवून त्यांपासून रोपे तयार केली. या कामासाठी त्यांनी सिद्ध केलेले ‘डीसीआर’ माध्यम पुढे अनेक देशांत पाइनसाठी वापरले गेले. सागापासून आरंभ झालेली पुण्याची परंपरा अशा रीतीने पाइनपर्यंत पोहोचली.

या यशाचे मर्म पाइनच्या बीजातच आहे. पाइनच्या बीजात एका फलित अंडपेशीपासून निसर्गतःच अनेक भ्रूण निर्माण होतात. ते विभागून स्पर्धा करतात आणि अखेर बहुधा एकच उरतो. गुप्ता व डर्झन यांनी ही विभागणी चालू असतानाचा क्षण पकडला आणि ती काचपात्रात थांबू दिली नाही. वर्षातील मोजके आठवडेच शंकूमधील भ्रूण या अवस्थेत असतात. तो काळ चुकला की वर्षभर थांबावे लागते. प्रयोगशाळेने येथे नवे काही निर्माण केले नाही. वृक्षाच्या अंगी असलेल्या एका शक्तीला मोकळी वाट दिली.

परंतु बीजातील भ्रूण हा नवा जीव असतो. त्याच्या शेकडो प्रती काढल्या तरी त्या उत्तम आईबापांच्या एका अपत्याच्या प्रती होत. उत्तम वृक्षाच्या नव्हेत. यावर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा थांबण्याचाच आहे. प्रत्येक भ्रूणमालिकेचा काही भाग उणे १९६ अंश सेल्सियस तपमानाच्या द्रव नायट्रोजनात गोठवून ठेवतात आणि उरलेल्या भागाची रोपे शेतात लावतात. काही वर्षांनी जी झाडे उत्तम ठरतात त्यांचे गोठविलेले ऊतक बाहेर काढून वाढवितात. शेतातील झाड वयाने वाढलेले असते. कुपीतील त्याचा जुळा भाऊ मात्र आरंभीच्याच वयाचा राहतो. वय मागे फिरविण्याऐवजी ते थांबवून ठेवावे, असा हा उपाय होय.

भारतातील चीड वृक्षाच्या बाबतीत पेचाच्या दोन्ही बाजू पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेत पुन्हा समोरासमोर आल्या. २००० साली जी. माथुर, सारा फॉन आर्नोल्ड आणि रजनी नाडगौडा यांनी चीडच्या अपक्व बीजभ्रूणापासून कायिक भ्रूण मिळविण्याविषयी ‘करंट सायन्स’ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याच नियतकालिकात २००३ साली पराशरामी, पूनावाला व नाडगौडा यांनी प्रौढ चीड वृक्षाच्या डोळ्यांपासून रोप मिळविल्याचे वृत्त दिले. पहिला मार्ग विपुल, पण अपरीक्षित. दुसरा परीक्षित, पण दुर्मीळ. धारवाडचे रवींद्र मलबादी यांनी दक्षिण आफ्रिकेतील फान स्टाडन यांच्यासह २००५ साली प्रौढ पाइनच्या शेंड्यांपासून कायिक भ्रूण मिळविल्याचे प्रसिद्ध केले. तोही दोन्ही मार्ग एकत्र आणण्याचा प्रयत्न होता.

६

नागावच्या वाडीस या इतिहासाचा उपयोग कोणता? तेथे पाइन लावावयाचा नाही आणि सुरूला प्रयोगशाळा नको. प्रश्न उरतो तो माड आणि पोफळीचा. ही दोन्ही ताडकुलातील झाडे. त्यांना एकच शेंडा असतो, फांद्या नसतात. आणि आंब्यासारखे कलम बांधावे तर खोडात त्यासाठी लागणारा वाढता थरच नसतो. म्हणून पिढ्यान् पिढ्या ती बियांपासूनच वाढविली गेली. नारळाच्या शेंड्यापासून अनेक कोंब मिळविण्याची एक पद्धत बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. उद्या अशी रोपे बाजारात येतील आणि ती एकाच उत्तम माडाची म्हणून विकली जातील, हे संभवनीय आहे.

त्या वेळी ताडकुलातीलच तेलमाडाचा अनुभव आठवणे इष्ट ठरेल. मलेशियात ऊतकसंवर्धनाने वाढविलेले तेलमाड लावले गेले. रोपे निरोगी होती, झाडे जोमाने वाढली. परंतु फळे येऊ लागली तेव्हा काही झाडांची फळे विकृत आणि बहुतांशी वांझ असल्याचे १९८० च्या दशकात ध्यानात आले. तोवर लागवडीस अनेक वर्षे होऊन गेली होती. ही विकृती जनुकांच्या क्रमात नसून त्यांवरील रासायनिक खुणा पुसल्या गेल्याने उद्भवते, हे २०१५ साली ‘नेचर’ मधील एका निबंधाने दाखविले. काचपात्रात ऊतकाचे वय पुसावे म्हटले तर त्याबरोबर आणखी काय पुसले जाईल, हे झाड फळेपर्यंत दिसत नाही. चीडच्या इतिहासात वयाचा पेच लाकडापुरता होता. येथे तो फळापर्यंत येऊन पोहोचला.

यावरून ऊतकसंवर्धन त्याज्य आहे असा निष्कर्ष निघत नाही. केळीस त्याने मोठा उपकार केला आहे, आणि सागावरील पुण्याच्या कामाचे मोल आजही कमी झालेले नाही. परंतु वादळानंतर वाडी पुन्हा उभी करणाऱ्यास रोप विकणाऱ्यापाशी काही साधे प्रश्न करता यावेत. रोप बीजातील भ्रूणापासून झाले आहे की वाढलेल्या झाडाच्या अंगापासून? मूळ झाड किती वर्षे फळले होते? सारी रोपे एकाच झाडाची आहेत की अनेकांची? आणि या पद्धतीने केलेली झाडे कोठे फळेपर्यंत वाढविलेली आहेत का? पाइनवर काम करणाऱ्यांना या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास अर्धशतक लागले.

नागाव-श्रीवर्धन पट्ट्यातील रोठा सुपारीचा बागायतदार बी धरताना वाडीतील मध्यम वयाच्या, नेमाने धरणाऱ्या झाडांचे बी राखतो, आणि एकाच नव्हे तर अनेक झाडांचे राखतो. त्याची रोपे एकसारखी येत नाहीत. पण एका रोगाने किंवा एका दोषाने सारी वाडी एकाच वेळी जाण्याचा धोकाही त्यात कमी असतो. प्रयोगशाळेने द्रव नायट्रोजनाच्या कुप्यांत अनेक मालिका राखून ठेवण्याचा जो मार्ग पत्करला, त्यामागील सावधगिरी याहून फार निराळी नाही. उपरिनिर्दिष्ट प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत नव्या वाडीचा मोठा भाग अशा निवडलेल्या बियांच्या रोपांनी भरावा आणि प्रयोगशाळेच्या रोपांस एक कोपरा परीक्षेसाठी द्यावा, हेच या इतिहासाशी सुसंगत दिसते.